न दुखणारी गाठ

पोरीनं डावं अंग सोडलं ते आषाढात, लावणीच्या ऐन घाईत.

मैना दुपारची खाचरातून वर आली, तेव्हा अंगातली चोळी पावसानं भिजलीय की दुधानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून कंबर वाकलेली. ती सरळ करायला गेलं की कळ थेट मानेत चढायची. बांधावर असतानाच तिला पोरीचं रडणं ऐकू आलं. जिजा दहा महिन्यांची, पण गळा असा की डोंगरावरून वीजघराकडं उतरणाऱ्या नळांतलं पाणी थबकावं.

ओटीवर तिची सासू गोदूबाई पोरीला मांडीवर घेऊन झुलत होती. मैना शेतात असली की नातीला गप करायला गोदूबाई आपलं कोरडं अंगच तिच्या तोंडात द्यायची. दूध कुठलं? पण पोर चोखता चोखता निजायची आणि घरात शांतता व्हायची.

"आल्या का राणीसरकार! घ्या तुमची वाघीण," गोदूबाई म्हणाली. "उजवीकडं लावली तर चोखती, डावीकडं लावली की तोंड फिरवती. जशी काय मी कारल्याचा पाला चोळून बसलेय."

"मिश्रीचा हात लागला असंल, आत्याबाई."

"मिश्री काय आज लावायला लागले व्हय? तुझा नवरा ह्याच मिश्रीवर वाढला. दात येत असतील. दात आलं की मानसाला चवी सुचतात."

शेजारची मोतीबाई इरलं काढून पागोळीखाली पाय धूत होती. आज तिच्याच खाचरात वाडीतल्या बायकांची सावड होती. आज हिची लावणी, उद्या तिची, असं सगळ्याजणी मिळून लावत जायच्या. मोतीबाई हसली. "अगं गोदू, नातीला तरी ठकवू नको. कोरड्या हिरीत किती दिस पोहरा सोडशील?"

"पोहऱ्याचा आवाज झाला म्हंजे झालं. तिला कुठं पानी पायजे?"

मैनानं पोर घेतली, पदराखाली लावली. जिजा दोन्हीकडं हावरटासारखी प्याली. मैना भिंतीला टेकून डोळे मिटून बसली आणि डाव्या अंगाची जी गोष्ट निघाली होती ती तिथंच विरली.

गोदूबाई सुईण होती. खोपोलीच्या खालच्या पाचसहा वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आलेली. नुसतं बाळंतपण करून ती थांबायची नाही. दूध साकळलं, थान दगडासारखं झालं, ताप चढला, की बाया तिच्याकडंच यायच्या. कुठल्या गाठीला शेकलेलं रुईचं पान, कुठल्या गाठीला एरंडेल, कुठली गाठ नुसती पोर लावून चोखून काढायची, हे तिला बोटांनी कळायचं. चार बोटं चपटी धरून काखेपासून खाली फिरवायची, नजर भलतीकडंच. आणि विचारायची एकच गोष्ट.

"दुखतं?"

बाई "आई गं" म्हणाली की गोदूबाई कामाला लागायची. "नाय दुखत" म्हणाली की हसून तिच्या पाठीवर थाप मारायची. "मंग जा घरी. न दुखनारी गाठ गरीब असती. ऱ्हाती आपली कोपऱ्यात पडून."

बाळंतपण झालं की वारही ती स्वतः पुरायची, न्हाणीच्या मागं, हातभर खड्डा करून, वर दगड ठेवून. ते काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. म्हणायची, "अंगाचं कायबी उघड्यावर ऱ्हाऊ नये. मातीतनं आलं, मातीत घालावं."

श्रावणात उसंत मिळाली तेव्हा एका सोमवारी गोदूबाई न्हाणीत बसली आणि तिनं मैनाला पाठ चोळायला हाक मारली. न्हाणी म्हणजे घरामागं कारवीचा कूड आणि चार दगड. मैनानं पाठ चोळली, मग पाणी घालताना गोदूबाईनं हात वर केला आणि मैनाला दिसलं. डाव्या अंगाची कातडी एका जागी आत ओढली गेली होती, पिठाच्या गोळ्यात बोट रुतवावं तशी. टोकही आत बसलेलं.

"आत्याबाई, हे काय?"

गोदूबाईनं हात खाली घेतला. "काय नाय. गाठ हाय. होळीपास्न हाय."

"होळीपास्न?"

"दुखत नाय गं. तू बघ दाबून. बघ." तिनं मैनाचा हात धरून तिथं नेला. सालासकट सुपारी असते तेवढी, कडक, हलवली तर न हलणारी. "दुखतीय का मला? तोंडाकडं बघ माझ्या. पान बांधतेय रोज. जाईल."

"जिजाच्या बाला सांगू या."

गोदूबाईचा चेहरा बदलला. "लेकाला सांगशील? आईच्या थानाला काय झालंय ते लेकाला सांगशील? आनि गावात कळलं, का सुईनीच्याच अंगाला गाठ, तर उद्या कोन बोलावंल मला? पोरीच्या गळ्याची आन घे."

"आत्याबाई, पोरीची आन नका घालू."

"घे म्हनते ना."

मैनानं घेतली. ओल्या हातानं, न्हाणीत उभ्या उभ्या, पलीकडं पाळण्यात निजलेल्या पोरीच्या गळ्याची.

मग भादवा गेला, नवरात्र गेलं. भात पोटरीत आलं, पिवळं झालं. मैना रोज रुईचं पान शेकून द्यायची आणि सासूकडं पाठ करून उभी राहायची. रोज तिला वाटायचं, आज म्हणतील, पोरी, विरली बघ. गोदूबाई रोज चोळीची गाठ मारून म्हणायची, "चल, विळे काढ."

कार्तिकात मोतीबाईच्या सुनेचे, सुंदराचे दिवस भरले. पहिलटकरीण. सकाळीच बोलावणं आलं. गोदूबाईनं आपलं गाठोडं घेतलं, त्यात दोरा, पातं, हळद, एरंडेलाची बाटली. मैनाही मागनं गरम पाण्याला मदत करायला गेली. सुंदरा खांबाला धरून कण्हत होती. गोदूबाई तिच्यासमोर बसली, हात पुढं केले, आणि मोतीबाईनं तिच्या चोळीकडं बघितलं. डाव्या बाजूला रुपयाएवढा डाग. पिवळा, कडेनं लाल. आणि जवळ गेल्यावर येणारा वास. गाठ फुटल्यापासून पान मैनाच बांधायची; रोज बदललं तरी वास जाईना, आणि आठ दिवसांत तिच्या नाकाला तो सवयीचा झाला होता.

"गोदू," मोतीबाई हलक्या आवाजात म्हणाली, "तू आज ऱ्हाऊ दे."

"का गं? अजून येळ हाय. संध्याकाळपातुर..."

"ऱ्हाऊ दे म्हनते ना. साजगावच्या सुईनीला सांगावा धाडते." मग ती नजर चुकवून म्हणाली, "राग धरू नको. पयलटकरीन हाय. वलं अंग. तुझ्या अंगाला काय तरी झालंय."

गोदूबाईनं गाठोडं बांधलं. सुंदराच्या डोक्यावरून हात फिरवायला ती वाकली आणि हात मधेच मागं घेतला. घरी येऊन तिनं गाठोडं खुंटीला लावलं आणि पाटा घेऊन वाटायला बसली. वाटायला काहीच नव्हतं. नुसतीच पाण्यावर वरवंटा फिरवत राहिली. उन्हं उतरताना कुडापलीकडून बाळाचा आवाज आला.

"पोरगा हाय," ती म्हणाली. "घसा बघ कसा हाय."

त्या दिवशी मैनानं आण मोडली. नामा, तिचा नवरा, ओटीवर विळ्याला धार लावत होता. ती दाराआड उभी राहून सगळं बोलली. त्यानं विळा खाली ठेवला नाही. धार लावतच विचारलं, "कवापास्न?"

"होळीपास्न. मला श्रावनात कळलं."

"आनि तू मला आज सांगतीस."

"पोरीची आन घातली व्हती."

विळ्याला धार कधीचीच आली होती. तो तरी घासत होता.

खोपोलीचा डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला. गोदूबाई त्याच्यासमोर बाकावर बसली आणि तिनं पदर गळ्यापर्यंत घट्ट धरला.

"दाखवा," डॉक्टर म्हणाला.

गोदूबाई भिंतीकडं बघत राहिली. जिनं वाडीतल्या प्रत्येक बाईचं अंग बघितलं होतं, तिचं स्वतःचं अंग पुरुषानं तीस वर्षांत बघितलं नव्हतं, नवऱ्यानंही अंधारातच. नामा बाहेर जाऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाला, "अहो आई, बघितल्याशिवाय कसं सांगणार?" तरी ती हलेना. तेव्हा मैना पुढं झाली. "डाक्टर, मी दावते," म्हणाली, आणि आपल्याच लुगड्यावरून, आपल्याच डाव्या अंगावर बोट ठेवून सांगू लागली. इथं गाठ. एवढी. आता फुटलीय. इथं कातडी आत गेलीय. आनि इथं काखेत दुसरी, वाटाण्याएवढी.

"काखेतपण?" डॉक्टरनं विचारलं.

"व्हय."

"दुखते?"

मैनानं सासूकडं बघितलं. गोदूबाई पहिल्यांदाच बोलली. "नाय. अज्याबात नाय."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. परळला नवं इस्पितळ झालंय, खास ह्याच दुखण्याचं, म्हणाला. चिठ्ठी दिली. "कापणी, झोडणी काही बघू नका. उद्याच्या गाडीनं न्या."

"काय हाय डाक्टर?" मैनानं विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. क्यान्सर. वाटेत गोदूबाई तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवून बघत होती. "ह्याला आमच्यात नावच नाय," ती म्हणाली. "दूध साकळलं म्हन, गळू म्हन, आवाळू म्हन. ह्याला काय नावच नाय गं."

परळला नात्यातला एक गिरणीकामगार होता, त्याच्या खोलीत मैना आणि जिजा राहिल्या. नामा पोचवून कापणीला परत गेला. इस्पितळाच्या फरशा इतक्या गुळगुळीत की गोदूबाई भिंतीला धरून चालायची. तिथं तपासायला बाई डॉक्टर होती, तेव्हा तिनं चोळीची गाठ स्वतःच सोडली. डॉक्टरीणबाईनं चार बोटं चपटी धरून काखेपासून खाली फिरवली. गोदूबाईनं तिच्या बोटांकडं टक लावून बघितलं.

"हात चांगला हाय," ती मैनाच्या कानात म्हणाली. "सुईनीचा हात हाय."

डॉक्टरीणबाईनं मैनाला बाहेर बोलावलं. "काढावं लागेल. सगळंच. काखेतल्या गाठीही. आधी आणायला हवं होतं, बाई. पावसाळ्याच्या आधी आणलं असतंत तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मैनाच्या कडेवर जिजा होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एकच मणी होता. मैना त्या मण्याकडं बघत राहिली.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी गोदूबाई नीट शुद्धीवर आली. छातीला काखेपासून बरगड्यांपर्यंत पांढरे पट्टे आवळलेले. तिनं उजव्या हातानं चाचपलं. जिथं हात थांबायला हवा होता तिथं तो थांबला नाही, सरळ हाडावर गेला. मग तिनं नर्सला हाक मारली. नर्स मालवणकडची, गोड बोलणारी.

"बाय, ते कुठं ठेवलंत?"

"काय आजी?"

"माझं अंग. कापलेलं. ते मला द्या. फडक्यात बांधून द्या, ही माझी सून नेईल."

नर्सनं मैनाकडं बघितलं. "आजी, ते देत नाहीत. आधी तपासायला जातं, मग भट्टीत."

"जाळतात?"

"हो आजी. रोग असतो ना त्यात."

गोदूबाईनं डोळे मिटले. मैनाला वाटलं, झोप लागली. मग ती म्हणाली, "दीडदोनशे पोरांची वार पुरली मी. एकीचीबी कुत्र्याला नाय वढू दिली. आनि माझंच..." थोड्या वेळानं, "अर्धी आधीच जळाले गं मैना. आता नामा ऱ्हायलेली जाळंल."

"असं बोलू नये, आत्याबाई."

"मी कुठं रडतेय? नुसतं सांगतेय."

जखम भरली तशी त्या घरी आल्या, आणि माघात पुन्हा गेल्या. आता बिजलीचे शेक घ्यायचे होते, महिनाभर, रोज. गोदूबाई यंत्राखाली निजायची, बाहेरून दार लावून घ्यायचे. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सगळी दार लावून पळतात. एवढं भ्याचं हाय तर मलाच का ठेवतात आत?"

मैना खूप दिवसांनी हसली.

"ही बिजली आपल्याच हितनं येती का गं? डोंगरावरच्या नळांतनं?"

"जिजाचे बा म्हनत व्हते, मुंबईला सगळी तिकडनंच येती."

"मंग आपल्या वाडीत कंदिलाला घासलेट नाय, आनि आपल्या डोंगराचं पानी हितं माझ्या उरावर येऊन बसलं." तिला त्या गोष्टीची गंमतही वाटली आणि धीरही आला. "आपलं पानी हाय. आपल्याला मारनार नाय."

शेक संपले तेव्हा छाती काळी पडली होती. घरी आल्यावर आठच दिवसांत कातडी सोलली, पाणी सुटलं. इस्पितळानं दिलेले पट्टे संपले. लढाईमुळं कापडाचं कंट्रोल, बाजारात चिंधी मिळेना. मैनानं पेटीतून आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं.

"अगं, त्ये नको," गोदूबाई म्हणाली.

"मला कुठं मिरवायचंय?"

तिनं दातानं काठ तोडला आणि वीतभर रुंदीच्या पट्ट्या टराटरा फाडल्या. रोज सकाळी कोमट पाण्यानं जुनी पट्टी भिजवायची, हळूहळू सोडवायची, नवी बांधायची, जुन्या पट्ट्या राखेच्या पाण्यात उकळून मागच्या कुडावर वाळत टाकायच्या. हिरव्या पट्ट्या वाऱ्यावर हलायच्या. पाणवठ्यावर जाणाऱ्या बायका त्या बघून आवाज खाली करायच्या. मैनानं त्या आतल्या बाजूला टाकून बघितल्या, पण तिथं ऊन येत नव्हतं.

उरलेल्या तुकड्यांचा गोदूबाईनं एक बोळा केला आणि चोळीच्या डाव्या बाजूला भरला. "चालताना एकीकडं झोल जातो," म्हणाली. जिजा मांडीवर आली की त्या बोळ्यावर डोकं टेकायची. त्याला वास नव्हता.

चैत्रात राब भाजायचे दिवस आले. आवणाच्या, भाताची रोपं करायच्या जागी शेण, पातेरा, टहाळ पसरून नामानं आग लावली. गोदूबाई ओटीवरून बघत होती. धूर सरला तेव्हा जमिनीचा काळा चौकोन उरला. तिनं पदर बाजूला करून आपल्या छातीकडं बघितलं, मग राबाकडं.

"सारखंच दिसतंय," ती म्हणाली. "राब भाजल्याबिगर आवान जोमानं येत नाय. बघू, ह्यातनं काय उगवतंय."

उगवलं ते वैशाखात. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजला, इतका की बांगडी कापून काढावी लागली. बोटं दुधीच्या कोंबांसारखी. ती मुठीत दोरा धरू शकेना. मग खोकला लागला, कोरडा. मग पाठीचं एक हाड दुखायला लागलं, आणि ते दुखणं खरं दुखणं होतं. आता काहीही न विचारता कळत होतं. ज्येष्ठात नामानं तिला पाठीवर घेऊन पळसदरीपर्यंत नेली, तिथून गाडीनं परळला. डॉक्टरीणबाईनं नळी लावून छाती ऐकली आणि नामाला म्हणाली, "आता आई तुमच्याजवळ असू द्यात. घरी." गोळ्या दिल्या, दुखणं मरायला. गोदूबाईनं तिचा हात धरला. "बाय, तू चांगलं केलंस. मीच उशिरा आले."

गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या. पुन्हा मुंबई गाठणं कुणाच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. तेव्हा गोदूबाईनं खुंटीवरचं गाठोडं मागितलं. त्याच्या तळाशी, कापडात गुंडाळलेली, काळी चिकट अफू होती. रडक्या पोरांच्या बाळगोळीत ती नखाएवढी घालायची.

"सहाणेवर दोन वळसे," ती म्हणाली. "बोटावर घेऊन चाटव. जास्त नको. लेकराचं माप."

मैनानं दोन वळसे दिले आणि बोट सासूच्या ओठांना लावलं. गोदूबाईनं डोळे मिटून ते चोखलं. जिजा बाजूला बसून टकामका बघत होती. मग तिनंही तोंड उघडलं.

"तुला नाय गं माय," गोदूबाई हसली, आणि हसताना खोकला आला.

पुढं दोन वळशांचे चार झाले, चाराचे आठ.

आषाढ लागला. पुन्हा लावणी, पुन्हा सावड. जिजा आता पळायची. पण आजीच्या घोंगडीजवळ ती जाईना. उंबऱ्यात उभी राहायची, नाक मुरडायची. जखम पुन्हा फुटली होती आणि मैनानं किती धुतली तरी वास राहायचा. मैनानं एकदा पोरीला दटावलं, ओढत नेली. पोर किंचाळली.

"सोड तिला," गोदूबाई म्हणाली. "तिला वास येतोय. लेकरांना आधी कळतं." मग मैनाकडं बघून, "गेल्या आषाढात तिला कळलं व्हतं, मैना. डावं अंग सोडलं व्हतं तिनं. तू म्हनलीस मिश्री, मी म्हनले दात."

मैना मान खाली घालून पट्टी सोडवत राहिली.

"हितं बस. चोळी सोड तुझी."

"आत्याबाई?"

"सोड. मला हात उचलत नाय. तूच बोटं फिरव, मी सांगते." मैनानं चोळी सोडली. गोदूबाई उजव्या हाताचं एक बोट उचलून दाखवत होती. "काखेपास्न. चपटी धर बोटं, टोचू नको. गोल गोल. आता खाली. दर महिन्याला, न्हाल्यावर. घाई करायची नाय. गाठ लागली तर दाबायची. दुखली, तर भ्यायचं नाय. दूध असंल, साकळलं असंल. दुखली नाय..." तिला दम लागला. "दुखली नाय, तर भ्यायचं. लगेच भ्यायचं. कुनाची आन घालून घ्यायची नाय."

"व्हय."

"मी उलटं शिकले व्हते. माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. तीस वरसं बायांना उलटं सांगत आले." तिची नजर कौलांकडं गेली. "येसाजीची अंबा आठवती? तू नवी व्हतीस तवा. माझ्याकडं आली व्हती. अश्शीच, कडक, हलत नव्हती. मी इचारलं, दुखतं? म्हनली, नाय. मी तिच्या पाठीवर थाप मारली." तिनं उचललेलं बोट घोंगडीवर टेकवलं. "सुकून गेली ती. लोक म्हनले, बाहेरचं हाय. मीबी म्हनले."

मैनानं चोळी बांधली. पाऊस कौलांवर एका लयीत पडत होता. तिला म्हणायचं होतं, तुमचा काय दोष. पण ही बाई खोटं ऐकून घेणारी नव्हती, आणि मैनाला स्वतःची आण आठवत होती.

त्यानंतर पाच दिवसांनी त्यांच्याच खाचरात लावणी होती. मैना जायला तयार होईना.

"जा तू," गोदूबाई म्हणाली. आता तिचा आवाज कानाजवळ नेल्याशिवाय ऐकू येत नव्हता. "लोक आपल्या खाचरात वाकनार आनि घरची सून चुलीपाशी? मोती हाय हितं. जा."

मैनानं पहाटे पोरीला पाजली, सासूच्या ओठांना बोट लावलं, आणि गेली. आवणाच्या मुठी चिखलात खोवताना तिनं घराकडं एकदाही मान वर केली नाही. वर केली असती तर पाय खाचरात राहिले नसते. दुपार होत आली तेव्हा शेजारची बाई वाकलेली सरळ झाली, मग दुसरी. मैनाच्या अवतीभवतीचे हात थांबले. तिनं वर बघितलं. मोतीबाई बांधावर उभी होती. इरलं न घेता, डोक्यावरून पाणी निथळत. हाक मारत नव्हती.

मैनानं हातातली मूठ लावून संपवली. मग ती वर आली.

पावसात लाकडं पेटेनात म्हणून पुरुष पेंढा आणि रॉकेलची एक बाटली मागून घेऊन पाताळगंगेच्या काठाला गेले. मोतीबाईनं घोंगडी गुंडाळून बाहेर टाकली, जमीन शेणानं सारवायला घेतली. "ही चोळी कुठं टाकू?" तिनं विचारलं. मैनानं ती तिच्या हातातून घेतली. डाव्या बाजूला हिरव्या लुगड्याचा बोळा तसाच होता, दाबून दाबून चपटा झालेला.

ती कुदळ घेऊन न्हाणीच्या मागं गेली. जिथं जिजाची वार पुरली होती त्या दगडाशेजारी तिनं खड्डा केला. माती मऊ होती, पण पाणी भरत होतं, म्हणून ती हातभर खोल होईपर्यंत ओंजळीनं उपसत राहिली. बोळा आत ठेवला. माती लोटली. दगड शोधून आणला, वर ठेवला, पायानं दाबला.

मग ती न्हाणीत शिरली. सुतकाची आंघोळ. पहाटेपासून पोर अंगावर आली नव्हती. दोन्ही अंगं दगडासारखी तटतटली होती. तिनं डोक्यावरून तांब्या घेतला, मग डावा हात वर केला, उजव्या हाताची चार बोटं चपटी धरली आणि काखेपासून खाली, गोल गोल, घाई न करता फिरवू लागली. एका जागी बोटं थांबली. सुपारीएवढं काहीतरी, कडक.

तिनं दाबलं.

कळ खांद्यापर्यंत गेली. दूध पायांवर सांडलं आणि पाण्याबरोबर दगडांतून वाहून गेलं.

"मैना," मोतीबाई बाहेरून ओरडली, "पोर रडून निळी झालीय. आटप."

"आले," मैना म्हणाली, आणि तिनं पुन्हा एकदा दाबून बघितलं.